अ‍ॅक्युपंक्चरची चाचणी: तुलना कोणाशी करायची?

अ‍ॅक्युपंक्चरने कंबरदुखी कमी होते का, हे तपासताना सुया टोचलेल्या रुग्णांची तुलना औषधे व व्यायाम घेणाऱ्यांशी करता येते, किंवा लटक्या पद्धतीने टोचून घेणाऱ्यांशी. पहिली तुलना रुग्णाच्या व्यवहारी प्रश्नाला उत्तर देते. परंतु आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे त्याला ठाऊक असल्याने अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. दुसरी नेमके तिथेच बोट ठेवते.

जर्मनीत १,१६२ रुग्णांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही तुलना होत्या. लटक्या उपचारात सुया टोचण्यासाठी शरीरावर ठरलेले पारंपरिक बिंदू टाळून सुया केवळ वरवर टोचल्या. सहा महिन्यांनी खऱ्या गटातील ४७.६ टक्के, लटक्या गटातील ४४.२ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना गुण आला. पहिल्याच तुलनेवर थांबणारा उपचारक यश जाहीर करील. बिंदूंच्या नेमकेपणाचा दावा मात्र दुसरीत टिकत नाही. लटकी सुईही त्वचेत शिरतेच, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी दाबताच त्वचेत न शिरता स्वतःच्याच दांड्यात सरकणारी बोथट सुई १९९८ मध्येच पुढे आली होती. तरीही टोचणाऱ्याला फरक कळतोच, त्यामुळे गोळीच्या चाचणीप्रमाणे रुग्ण व उपचारक दोघांनाही अंधारात ठेवणे येथे कठीणच असते.