मातीशिवाय शेती आणि कपातली काळी माती

2,16,880 रुपये. गच्चीवर टॉवर लावून मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर लेट्यूस (सॅलडची पानं) पिकवायच्या योजनेत माझे एवढे बुडाले. हा पूर्ण आकडा मी घरात अजून कुणालाच सांगितलेला नाही. ह्यांना दीड लाख माहीत आहेत, मुलाला ‘थोडेफार’. इथे लिहितेय कारण परवा भिशीत आणखी दोघी विचारत होत्या, टॉवर कुठून घेतलेस गं म्हणून.

मी 31 वर्षं पतसंस्थेत कॅशियर होते. खोटी नोट बोटाला कळते, असं मिरवायचे. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांमध्ये लोकांचे पैसे बुडाले तेव्हा पेपर वाचत मीच म्हणाले होते, माणसं इतकी बावळट कशी असतात! तर अशी असतात.

योजना तीच, फक्त कोंबडीच्या जागी लेट्यूस. टॉवर आमच्याकडून घ्या, गच्चीत लावा, पीक आम्ही 220 रुपये किलोने परत घेऊ. एका टॉवरला 36 रोपं, दहा टॉवरला 360, रोपामागे दीडशे ग्रॅम म्हणजे 54 किलो. एका फेरीचे 11,880 रुपये. चाळीस दिवसांची फेरी, वर्षात नऊ फेऱ्या, 1,06,920. दीड वर्षात पैसे वसूल. मी घरी येऊन सगळा गुणाकार तपासला. बरोबर होता. तेवढाच तपासला. छत्रपती संभाजीनगरात, गच्चीवर, एप्रिल-मे धरून नऊ फेऱ्या लेट्यूस कोण काढणार, हे कॅल्क्युलेटर सांगत नाही.

आता तो क्षण. रोज रात्री आठवतो.

नोव्हेंबरात एका मंगल कार्यालयात डेमो होता. माणसाएवढा पांढरा प्लास्टिकचा खांब, खाली पाण्याचा टब, आत पंप, वर भोकाभोकांत जाळीचे कप आणि त्यांत हिरवीगार पानं. दिसायला सुंदर, हे कबूल. मला कुंड्यांची सवय, त्यामुळे हात राहिला नाही. एक कप उचलून पाहिला. पाण्यावर वाढलेल्या रोपाची मुळं पांढरी, लांब, कपाच्या जाळीतून खाली लोंबणारी असायला हवीत. नुकतंच त्यांनीच पडद्यावर दाखवलं होतं. या कपात मुळांचा गोल गड्डा होता, नर्सरीच्या पिशवीतून काढल्यासारखा. आणि त्याला काळी माती. मी अंगठा आणि बोटात चोळून पाहिली. चिकट, ओली, शेतातली काळी माती. डेमो देणारा मुलगा हसून म्हणाला, “मावशी, ते कोकोपीट आहे.” अरे, मराठवाड्यात जन्म गेला माझा! कोकोपीट तांबूस, भुसभुशीत, काथ्यासारखं असतं. मला कळलं होतं. शंभर टक्के कळलं होतं. पण शेजारी माझी मैत्रीण फॉर्म भरत होती, तो मला मावशी म्हणाला होता, आणि चारचौघांत कुठे कटकट करायची. मी बोट रुमालाला पुसलं आणि नाव लिहिलं.

टॉवर 14,500 रुपयांचा एक. दहाचे 1,45,000, खताचा संच 6,200, शेडनेट आणि जोडणी 11,800, करारनामा 500. एकूण 1,63,500. एफडी मोडली. पतसंस्थेला पेन्शन नसतं, घर व्याजावर चालतं, आणि व्याजात भागत नाही म्हणूनच हा खटाटोप. हाव होती असं कुणी म्हणेल. म्हणू दे. महिन्याचा किराणा भरून बघा, मग बोला.

जानेवारीच्या शेवटी त्यांची गाडी आली, 21 किलो माल नेला आणि त्याच संध्याकाळी 4,620 रुपये खात्यात. पहिली फेरी कमीच येते म्हणाले. इथेच घात झाला. पुढच्या आठवड्यात मी आणखी चार टॉवर घेतले, 58,000, तेही यूपीआयने कुणा भलत्याच माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. कॅशियर बाईंनी! जो पहिल्यांदा वेळेवर पैसे देतो त्याच्यावर दुप्पट संशय घ्या.

या चार टॉवरबरोबर ‘तयार रोपं’ आली. प्रत्येक कपात पुन्हा तीच काळी माती. ती टबात उतरली आणि आठवड्यात पंप बंद पडले. आमच्याकडे नळाला पाणी कितीक दिवसांनी येतं ते इथल्या माणसांना सांगायला नको, म्हणून टब बोअरच्या पाण्याने भरलेले. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर खत घालायच्या आधीच 940 दाखवायचा. फोन केला तर म्हणे, चालतं. मार्चमध्ये पानांच्या कडा तपकिरी झाल्या. गाडीवाल्याने पाहून ‘ग्रेड बसत नाही’ म्हणून माल सोडून दिला. खताची बाटली मी कृषी सेवा केंद्रात नेली, तर तिथले दादा वास घेऊन, बोटावर वाळवून म्हणाले, “काकू, मला तर हे रंगीत पाण्यात विरघळवलेलं 19:19:19 वाटतंय.” ते नत्र-स्फुरद-पालाशाचं खत, त्यात कॅल्शियम नसतं, आणि लेट्यूसच्या कडा जळतात त्या बहुतेक कॅल्शियम पानाच्या टोकापर्यंत न पोचल्याने. हे मला मार्चमध्ये कळलं. नोव्हेंबरात एखाद्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. विक्रेत्याने दिलेल्या नंबरवरच्या ‘समाधानी ग्राहकाला’ नव्हे, आपल्या माहितीतल्या माणसाला विचारा.

एप्रिलमध्ये दुपारी टबात हात घातला तर चहाचं आधण ठेवल्यासारखं पाणी. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची. जी जगली ती फुलोऱ्यावर गेली आणि पानं कडू झाली. फोन तोवर बंद.

मग सुरू झाली दारोदार. पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर. लिहून घेणाऱ्याने विचारलं, लेट्यूस म्हणजे काय? मी म्हटलं, कोबीसारखं असतं. त्याने अर्जात ‘14 टॉवर कोबी’ लिहिलं. साहेब म्हणाले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.” दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, आणि माझा अर्जच सापडेना. तिसऱ्या खेपेला सल्ला मिळाला की या वयात अशा भानगडीत पडू नये. म्हणजे चोराला काही नाही, बोलणी मला! शेतीच्या कार्यालयात म्हणाले, गच्ची म्हणजे शेतजमीन नाही, सातबारा आणा. गच्चीचा सातबारा! एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर ‘कंपनीकडून प्रतिसाद नाही’ असं कळवून त्यांनी ती बंद केली. प्रतिसाद देणारी कंपनी असती तर तुम्हाला फोन कशाला केला असता? पोलीस तक्रार घेत नसतील तर तीच लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने वरिष्ठांना पाठवा आणि पोचपावती जपा. मला हे भाच्याने सांगितलं, खुर्चीवरच्या कुणीही नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखा दोन महिन्यांनी नाही.

भाच्याने पाच मिनिटांत आणखी एक केलं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला. नोंदणी रद्द. हे कुणालाही फुकट बघता येतं, मलाही येत होतं.

आता ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही. पण वकील म्हणतात, समोरचा उभा राहिलाच तर म्हणेल की बाईंनी विकण्यासाठी घेतलं, म्हणजे व्यापार, म्हणजे ग्राहक नव्हे. उपजीविकेसाठी स्वतः राबून केलेला धंदा असेल तर ग्राहक धरतात, म्हणून व्याजाची पासबुकं जोडलीत. ‘बायबॅक’ (म्हणजे माल आम्हीच परत घेऊ) हा शब्द असलेल्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. माझ्या करारात शेवटून दुसऱ्या ओळीत होतं, ‘गुणवत्तेबाबत कंपनीचा निर्णय अंतिम’.

पाण्यावरची भाजी खोटी नाही, हेही सांगते. हिवाळ्यात एका टॉवरला पुदिना आणि पालक छान येतो, घरापुरता. एकच घ्या, एक अख्खा उन्हाळा काढा, मग बघू.

भंगारवाला 14 टॉवरचे 900 रुपये देतोय. मैत्रीण अजून म्हणते, ते लोक येतील गं. मी एक कप डब्यात घालून ठेवलाय, वाळलेल्या काळ्या मातीसकट. वकील म्हणाले, याचा काही उपयोग नाही. तारखेला नेणार आहे तरी.