दगडावर दगड की दगडावर पोलाद?

एम-सँडसाठी, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूसाठी, व्हीएसआय क्रशर (उभ्या दांड्यावर फिरून दगड आपटून फोडणारं यंत्र) घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न त्याच्या पोटातला: खडी खडीवर आपटायची की पोलादी अॅन्व्हिलवर, म्हणजे ऐरणीवर? रोटर, म्हणजे मधला गरगर फिरणारा भाग, दोन्हींत असतोच. तो खडी सेकंदाला साधारण 45 ते 70 मीटर वेगाने बाहेर फेकतो.

पहिल्या प्रकारात चेंबरच्या कडेला खडीचाच थर साचतो आणि येणारा दगड त्यावर आदळतो, घासतो. कोपरे झडतात, दाणा घनाकार होतो. असा दाणा काँक्रीटमध्ये सहज सरकतो, त्यामुळे पाणी कमी लागतं. ग्रॅनाइट, क्वार्टझाइट अशा सिलिकायुक्त दगडासाठी मी दुसरा विचारच करणार नाही, कारण झीज मुख्यतः रोटरच्या टिप्सपुरती (खडी बाहेर पडते तिथल्या कडांपुरती) राहते. मात्र एका फेरीत वाळू कमी निघते. चाळणीवर उरलेला माल परत फिरवा, म्हणजे टनामागे वीज जास्त.

अॅन्व्हिलवर घाव थेट बसतो, दगड जास्त फुटतो. चुनखडीला हे झकास. कठीण दगड घातलात तर अॅन्व्हिल भराभर झिजतात, आणि झिजले की वाळूची प्रतवारीही घसरते. सुट्या भागांचा खर्च पाहिला की जादा उत्पादनाचा आनंद ओसरतो.

75 मायक्रॉनखालची पूड दोन्हींत होते. मर्यादेपेक्षा जास्त झालेली पूड धुऊन किंवा एअर क्लासिफायरने (हवेच्या झोताने पूड वेगळी करणाऱ्या यंत्राने) काढावी लागते. क्रशर बदलून तो खर्च टळत नाही. यंत्र विकणारे हे शेवटी सांगतात. आणि हो, काही मॉडेलांत चेंबर बदलता येतो. खाणीतला दगड एकसारखा नसेल तर तेच बघा.