पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं: हंगामभर वापरून झाल्यावर

जुन्या चार सिलिंडरच्या पेट्रोल ट्रॅक्टरचे सीबी पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क) आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) तेच काम करणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं, त्याला आता अख्खा हंगाम झाला. मी समाधानी आहे. पण ट्रॅक्टर मिसिंग करतोय (सिलिंडर मधेच पेट घेत नाही) म्हणून कुणी या मॉड्यूलचं किट मागवणार असेल, तर आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा, आतला रोटर काढा आणि शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा.

माझा चांगलाच हलत होता. शाफ्टला धरून ठेवणारं बुश झिजलं की शाफ्ट डोलतो आणि प्रत्येक सिलिंडरला पॉइंटची गॅप वेगळी पडते. कॅमच्या एका टोकावर फिलर गेजने 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) लावले, तर पुढच्या टोकावर पाती आत शिरेना. गॅप वाढली की टायमिंग ॲडव्हान्स होतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते; कमी झाली की रिटार्ड, म्हणजे उशिरा. म्हणजे चारही सिलिंडरचं टायमिंग वेगवेगळं! टायमिंग लाइट (ठिणगीसोबत चमकणारा दिवा) मारली की पुलीवरची खूण नुसती थरथरायची. नवं बुश बसवलं आणि त्याच जुन्या पॉइंटवर खूण स्थिर झाली.

दुसरं दुखणं पॉइंटच्या प्लेटखाली होतं. ॲडव्हान्सचे वेट (वेग वाढला की टायमिंग पुढे सरकवणारी वजनं) गंजून अडकलेले, त्यामुळे रेस दिली तरी खूण जागची हलत नव्हती. आयडलला इंजिन गोड चालायचं, लोड आला की दम सोडायचं आणि तापायचं. वेट साफ करून पिनांवर तेलाचा थेंब सोडला, तेव्हा कुठे नांगरटीला ताकद मिळाली. ही दोन्ही कामं कुठलंही मॉड्यूल करून देत नाही.

मॉड्यूलचा खरा फायदा वेगळा आहे. पॉइंटची टाच कॅमवर घासत जाते, गॅप हळूहळू मिटते आणि टायमिंग नकळत मागे सरकतं. ते आता बंद झालं. बसवल्यावर एकदा टायमिंग लावलं, ते हंगामाच्या शेवटी तपासलं तर तिथेच. थंड इंजिनही पटकन उचलतं.

घेताना अर्थिंग बघा. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरना 6 व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं) असतं. उलटं जोडलं तर मॉड्यूल जळू शकतं. कॉइलचे ओहम किटच्या कागदाशी जुळवा. इंजिन बंद असताना स्विच चालू ठेवू नका, कॉइल तापते. वायरी काढल्याच आहेत तर फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) मॅन्युअलमधूनच घ्या: फर्ग्युसन टीई-20 ला 1-3-4-2, तर फोर्ड 8एन ला 1-2-4-3.

एक उणीव मला खटकते. पॉइंट बिघडले तर बांधावर कानस मारून घरापर्यंत येता येतं. मॉड्यूल गेलं की गेलं. म्हणून पॉइंट-कंडेन्सरसकट जुनी प्लेट मी टूलबॉक्समध्ये ठेवतो. शाफ्ट घट्ट असेल आणि पॉइंट वेळच्या वेळी बघायची सवय असेल, तर हा खर्च नाही केला तरी चालेल.