पाहुणा कुठल्या स्टेटसवर आहे? अमेरिकेच्या आय-९४ संकेतस्थळाचं परीक्षण

अमेरिकेत एखाद्या राजकीय भानगडीत परदेशी माणसाचं नाव आलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: हा इथे कुठल्या व्हिसावर राहतोय? मग पासपोर्टच्या पानांचे फोटो फिरतात, व्हिसावरची तारीख उलटलेली दिसते आणि लोक परस्पर निकाल लावून मोकळे होतात. गंमत अशी, की त्या तारखेचा राहण्याच्या मुदतीशी संबंधच नसतो. व्हिसा दारापर्यंत आणतो. आत किती दिवस राहायचं, हे सीबीपीचा, म्हणजे सीमेवरच्या खात्याचा अधिकारी ठरवतो आणि ते ‘आय-९४’ या नोंदीत जातं. ती नोंद दाखवणारं सीबीपीचं संकेतस्थळ कितपत भरवशाचं, ते पाहू.

विमानाने आणि जहाजाने येणाऱ्यांचं कागदी आय-९४ कार्ड २०१३ मध्ये बंद झालं. तेव्हापासून हे संकेतस्थळ हाच मूळ दस्तऐवज. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि देश भरला की अकरा अक्षर-अंकांचा नोंदक्रमांक, प्रवेशाची तारीख, प्रवेशाचा वर्ग (पर्यटकाचा बी-२, विद्यार्थ्याचा एफ-१, नोकरदाराचा एच-१बी वगैरे) आणि ‘अ‍ॅडमिट अनटिल’, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल ती तारीख दिसते. नोंद पाहायला पैसे पडत नाहीत. तरीही शोधयंत्रात वरती येणारी काही खासगी संकेतस्थळं याच कामाचे पैसे उकळतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी सरकारी ‘डॉट गव्ह’ आहे का ते आधी बघायचं. शुल्क आहे ते जमिनीवरच्या नाक्यावरून येणाऱ्यांना. ३० सप्टेंबर २०२५ पासून ते सहाचं तीस डॉलर झालं.

‘नोंद सापडली नाही’ हा संदेश या सेवेचं सगळ्यात मोठं दुखणं. बहुतेक वेळा नोंद असते, पण नाव जुळत नाही. मराठी माणसाच्या पासपोर्टावर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. इथेही पहिल्या नावाच्या रकान्यात ती दोन्ही, मध्ये जागा सोडून, भरायची. तरी जमलं नाही तर फक्त पहिलं नाव, मग दोन्ही जोडून, मग आडनाव-नाव उलटं असे प्रयोग करावे लागतात. पासपोर्टावर आडनावच नसेल तर व्हिसावर नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापलेलं असतं. तेच भरून बघायचं. व्हिसा जुन्या पासपोर्टात आणि प्रवास नव्यावर झाला असेल, तर दोन्ही क्रमांक टाकून पाहायचे. इतकी कसरत सरकारी सेवेत करावी लागू नये, पण लागते.

नोंद सापडली की तारखेकडे नीट बघायचं. बी-२वर साधारणपणे सहा महिने मिळतात. व्हिसाविना, ‘एस्टा’ या ऑनलाइन परवानगीवर आलेल्या पाहुण्याला नव्वद दिवस मिळतात आणि ते वाढवून मिळत नाहीत. सगळ्यात जास्त लोक फसतात ते एच-१बीत. कंपनीच्या मंजुरीपत्रावर २०२८ असतं, पासपोर्ट २०२६ मध्ये संपत असतो आणि अधिकारी पासपोर्ट संपण्याचीच तारीख टाकतो. ही चूक नव्हे, नियमच तसा आहे. पण हातातलं मंजुरीपत्र बघून माणूस निर्धास्त राहतो आणि मुदत गुपचूप उलटते. मंजुरीनंतर प्रवेश झाला असेल तर प्रवेशाच्या वेळची तारीख चालते. उपाय दोनच: नवा पासपोर्ट घेऊन देशाबाहेर जाऊन परत यायचं, किंवा तारीख संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज करायचा. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं प्रवेश बंद. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा.

अधिकाऱ्याची खरोखरची चूक असेल, म्हणजे वर्ग चुकीचा किंवा जन्मतारीख उलटसुलट, तर सीबीपीच्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयाला पासपोर्ट, व्हिसा आणि मंजुरीपत्र दाखवून ती दुरुस्त करून मिळते.

आता वादाच्या वेळी कामी येणारा भाग. मुदत देशात राहूनच वाढवली किंवा वर्ग बदलला, तर नवं आय-९४ यूएससीआयएस, म्हणजे असे अर्ज मंजूर करणारं खातं, मंजुरीपत्राच्या तळाशी छापून देतं आणि या संकेतस्थळावर मात्र जुनीच तारीख दिसत राहते. म्हणजे इथे मुदत संपलेली दिसणारा माणूस पूर्णपणे कायदेशीर असू शकतो. उलटंही घडतं. विद्यार्थ्याच्या नोंदीत तारखेऐवजी ‘डी/एस’ असतं, म्हणजे अभ्यासक्रम चालू आहे तोवर. त्याने वर्गात जाणं सोडलं, विद्यापीठाने ‘सेव्हिस’ या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली त्याची नोंद बंद केली, तरी इथे ‘डी/एस’ तसंच. प्रवासाच्या इतिहासाच्या पानावर जमिनीवरून मेक्सिकोत गेल्याची नोंद अनेकदा निसटते, आणि निघून गेलेला माणूस आतच असल्यासारखा दिसतो.

मारिया बुटिना प्रकरण आठवा. ही रशियन तरुणी ऑगस्ट २०१६ मध्ये एफ-१वर आली, जुलै २०१८ मध्ये अटक झाली, डिसेंबरात तिने गुन्हा कबूल केला. गुन्हा मुदत ओलांडल्याचा नव्हता. सरकारला न कळवता परकीय सत्तेसाठी काम करण्याच्या कटाचा होता. असल्या प्रश्नाचं उत्तर आय-९४मध्ये शोधणं म्हणजे रेल्वेच्या तिकिटावर प्रवाशाचा हेतू शोधणं.

संकेतस्थळाचा खरा धोका वेगळाच आहे. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत हाती असली की कुणाचीही नोंद उघडते. स्वतःची किंवा अधिकार दिलेल्याचीच नोंद पाहीन, असं आधी कबूल करून घेतात, पण ती नुसती टिचकी. पासपोर्टची पानं व्हायरल होण्याच्या काळात हे फारच ढिलं कुलूप आहे. दुसरीकडे व्हिसाच्या फाइली कायद्याने गोपनीय, आणि त्रयस्थाने इमिग्रेशनची कागदं माहिती अधिकारात मागितली तर संमतीचा मुद्दा येतो. हेरिटेज फाउंडेशन ही अमेरिकेतली उजव्या विचारांची संस्था प्रिन्स हॅरींच्या इमिग्रेशनच्या कागदपत्रांसाठी कोर्टात गेली. मार्च २०२५ मध्ये पानं मिळाली, पण बराच मजकूर काळ्या पट्ट्यांखाली.

ज्याची नोंद त्याच्यासाठी पाचापैकी साडेतीन गुण: फुकट, झटपट, बहुतेकदा अचूक. दीड गुण नावांच्या घोळाचा आणि ढिल्या कुलपाचा कापला. दुसऱ्याचं स्टेटस ठरवायला निघालेल्यांसाठी शून्य.

वापरणाऱ्यांनी एक करावं. उतरल्यावर एक-दोन दिवसांत पान उघडून पीडीएफ काढून ठेवावी. पुढच्या प्रवेशानंतर इथे नवीच नोंद दिसते, जुनी परत मिळत नाही. सोबत परतीचा बोर्डिंग पासही जपावा. बाहेर पडल्याची नोंद हुकली तर तोच पुरावा.