पैशाच्या आणि दवाखान्याच्या बातम्या: वर्षभर पैसे भरून वाचल्यावर

एका न्यूज ॲपचं पेड सबस्क्रिप्शन घेऊन वर्ष झालं. घेतलं ते आईच्या ऑपरेशननंतर, कारण बिल, विमा, महागाई यातलं आपल्याला धड काही कळत नाही हे तेव्हा लक्षात आलं.

अर्थविषयक पान खरंच चांगलं आहे. महागाईचा दर ८ वरून ५ टक्क्यांवर आला की बहुतेक जण "महागाई घटली" एवढंच छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं वस्तू स्वस्त झाल्या, पण तसं नसतं ना, १०० ची वस्तू १०८ ला गेली आणि आता त्या १०८ वर अजून ५ टक्के चढणार, वेग तेवढा कमी झाला. इथे हे दर वेळी समजावून सांगतात. पगारवाढीच्या बातमीतही महागाई वजा करून दाखवतात. इथे पूर्ण मार्क.

पण हीच माणसं आरोग्याच्या पानावर गेली की वजाबाकी विसरतात. आरोग्याची तरतूद ५ टक्क्यांनी वाढली, हेडिंग "विक्रमी तरतूद", आणि महागाई ६ टक्के असेल तर हाताशी प्रत्यक्षात आधीपेक्षा कमीच पैसा आहे हे कुठेच नाही.

औषधांच्या बातम्यांचा तर मला रागच येतो. "धोका निम्म्यावर" असं हेडिंग होतं, आत शोधल्यावर कळलं की १०० पैकी २ जणांना होणारा त्रास १ वर आला. म्हणजे १०० जणांनी औषध घ्यायचं तेव्हा एकाचा फायदा, आणि तो फायदा केवढ्याला पडतो हे काढायचं तर किंमत १०० ने गुणायला हवी, पण बातमीत किंमतच नाही! किती वर्षं घ्यायचं, जुन्या औषधापेक्षा किती महाग, विम्यात बसतं का, काही नाही. अमेरिकेत गॅरी श्वित्झर या पत्रकारांनी २००६ मध्ये हेल्थन्यूजरिव्ह्यू ही वेबसाइट सुरू केली तेव्हा आरोग्याच्या बातम्या तपासायला १० निकष ठेवले होते आणि त्यात खर्चाचाही होता, आणि बहुतेक बातम्या त्यातच नापास व्हायच्या. म्हणजे दुखणं जुनं आहे.

विम्याचंही तसंच, "कव्हर वाढलं" म्हणून वरचा आकडा देतात, पण पेशंटला आधी स्वतः किती भरावं लागतं, को-पे (म्हणजे बिलातला पेशंटचा ठरलेला वाटा) किती, कुठल्या वस्तू पॉलिसीत बसत नाहीत, हे सोडून देतात, आणि माणूस डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर अडकतो तो नेमका यातच. घराच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त उपचारांवर गेलं तर तो झेपण्यापलीकडचा खर्च, हे माप जागतिक पातळीवर बरीच वर्षं वापरलं गेलंय, ते निदान देतात तरी. फक्त ज्याने पैसे नाहीत म्हणून उपचारच घेतले नाहीत तो या मापात येतच नाही, हेही लिहायला हवं होतं.

पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक फक्त एका बातमीसाठी. रिपोर्टरने एका पेशंटचं अख्खं बिल ओळीने छापून प्रत्येक नोंद कशाची ते सांगितलं होतं. मी आईचं बिल शेजारी ठेवून ती वाचली आणि तिसऱ्या पानावरची एक टेस्ट आमच्या बिलात दोनदा लावलीय हे तेव्हा दिसलं.