शेडच्या पायात पुरलेला राडारोडा

परसातील शेडसाठी काँक्रीटची सहा फूटिंग, म्हणजे खांबांचे जमिनीतले पाये, घालण्याचे काम आम्ही एका ठेकेदाराला दिले होते. त्याने केलेली लबाडी इतकी साधी आणि सहज पचण्यासारखी आहे की, परसात शेड, मांडव किंवा टाकीचा चौथरा बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

कोटेशनमध्ये सर्व काही रीतसर होते. प्रत्येक फूटिंग 60 सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद आणि 90 सेंटिमीटर खोल, तळाशी गजांची जाळी, मालाचे प्रमाण 1:1.5:3, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी, आणि या सगळ्यासाठी सिमेंटच्या 50 किलोच्या 16 गोण्या. हिशेबही बरोबर होता, कारण सहा खड्डे मिळून दोन घनमीटरला थोडे कमी भरतात आणि या प्रमाणात एका घनमीटरला साधारण आठ गोण्या लागतात. खड्डे झाल्यावर आम्ही त्यांत टेप सोडून फोटो काढले. खोली पुरेपूर होती. काँक्रीट दुपारी आमच्यासमोर ओतायचे ठरले होते. ते सकाळीच, घरी कोणी नसताना, उरकण्यात आले आणि आम्ही परतलो तेव्हा खांबांभोवती माती लोटून, धुमसून जमीन सपाट केलेली होती. पावसाचा रंग दिसत होता म्हणून लवकर आटोपले, असे कारण सांगण्यात आले.

पुढे पहिल्याच मोठ्या पावसानंतर कोपऱ्यातील खांब खचला. ओळंबा लावला तर तो वरपासून खालपर्यंत कललेला दिसला, म्हणून दुसऱ्या एका अनुभवी मिस्त्रींना बोलावून त्याच्या बाजूची माती उकरून घेतली. काँक्रीट 45 सेंटिमीटरवरच संपत होते. त्याखाली विटांचे तुकडे, फुटक्या फरशा आणि सुटी माती असा राडारोडा दडपलेला होता आणि जाळी कव्हर ब्लॉकशिवाय, म्हणजे गज तळापासून उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांशिवाय, थेट त्यावरच टेकवलेली असल्यामुळे खालचे गज उघडे पडून गंजले होते. काँक्रीटच्या खालच्या भागात नुसती खडी आणि खडीमध्ये पोकळ्या होत्या, तर वरच्या थरावर पांढुरकी भुकटी होती, जी नखाने ओरखडताच सुटत होती. मिस्त्रींनी कडेचा एक तुकडा उचलून अंगठ्याने दाबला आणि त्यातून वाळू गळू लागली.

असे का होते, हे त्यांनी समजावून सांगितले. सिमेंट कमी घातलेला माल राठ असतो, खड्ड्यात नीट पसरत नाही, म्हणून त्यात पाणी वाढवून तो पातळ केला जातो आणि पाहणाऱ्याला तो उलट चांगला, वाहता वाटतो. वास्तविक अशा मालाला एका गोणीमागे वाळूतील ओल धरून साधारण 25 लिटर पाणी पुरते. त्याहून जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. शिवाय पातळ मालात खडी तळाशी बसते आणि सिमेंटचे पाणी वर येते.

निम्म्या खोलीच्या काँक्रीटला, प्रमाण पूर्ण राखले असते तरी, आठच गोण्या लागल्या असत्या. प्रत्यक्षात त्याहूनही कमी वापरल्या गेल्या, हे त्या गळणाऱ्या वाळूवरून उघड होते. तरीही कोपऱ्यात 16 रिकाम्या गोण्या रचून दाखवल्या होत्या! त्यांचा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा काही गोण्या वेगळ्याच कंपनीच्या निघाल्या आणि गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडाही जुळेना. त्या दुसऱ्या कुठल्यातरी कामावरून आणून ठेवलेल्या होत्या. म्हणून मोजायच्या त्या भरलेल्या गोण्या, आणि तोंड उघडण्याआधी.

ठेकेदाराने आधी आमच्या जमिनीलाच दोष दिला. टेप सोडलेल्या खड्ड्यांचे फोटो आणि उकरलेल्या फूटिंगचे फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र त्याने वाद सोडला आणि घेतलेल्या रकमेचा काही भाग परत केला. उरलेल्या रकमेसाठी आमची तक्रार चालू आहे.

सहाही फूटिंग आता फोडून नव्याने घालत आहोत. या वेळी ओतण्याआधी प्रत्येक खड्ड्याचा तळ धुमसून घेतला, जाळीखाली 50 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक ठेवले, पाणी मापाच्या बादलीनेच घातले आणि माल थराथराने ओतून प्रत्येक थर सळईने ठासला. किमान सात दिवस पाणी मारून होईपर्यंत आणि आम्ही चारही बाजू पाहून होईपर्यंत माती लोटायची नाही, तसेच शेवटचा हप्ता 28 दिवसांनंतरच द्यायचा, हे नव्या मिस्त्रींशी लेखी ठरले आहे.