कॅमेऱ्याचे रेनकव्हर: कापड पक्के, शिवण कच्ची

ग्वाल्हेरहून मुरैना ओलांडून धौलपूरच्या दिशेने साठेक किलोमीटर गेले की महामार्गाच्या पुलापाशी राजघाट लागतो आणि तेथून चंबळ अभयारण्यात मोटारबोटीने फिरता येते. पावसाळ्यात ही फेरी बंद असते, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी रेनकव्हर घेण्याचा विचार आमच्या ग्वाल्हेरातल्या लष्कर नावाच्या भागातल्या हौशी छायाचित्रकार मंडळींपैकी कोणी फारसा करीत नाही. मीही केला नसता. परंतु जानेवारीतली मावठ, म्हणजे इकडे ऐन थंडीत दोन-तीन दिवस रेंगाळणारा पाऊस, एकदा आम्हांला नदीच्या मध्यावर गाठून गेली होती आणि त्या दिवशी कॅमेरा स्वेटरखाली धरून बसण्यातच सगळी फेरी संपली. त्यानंतर ऑनलाइन मागवलेल्या कव्हरविषयी हे लिहीत आहे. त्याची किंमत अठराशे रुपये पडली, आणि ते गेल्या दोन हिवाळ्यांत चार फेऱ्यांना वापरले. त्यांपैकी दोन फेऱ्यांत खरोखर पाऊस लागला.

कव्हर आतून लेप दिलेल्या नायलॉनचे असून त्याला दोन्ही बाजूंनी हात घालण्यासाठी बाह्या, पाठीमागे पारदर्शक खिडकी आणि पुढे लेन्सच्या हूडवर, म्हणजे लेन्सच्या टोकाला लावायच्या गोल आडोशावर, आवळायची नाडी आहे. माझा कॅमेरा मिररलेस आणि लेन्स १००-४०० मि.मी.ची आहे. ही लेन्स झूम करताना लांब होते आणि तसे होताना बाहेरची हवा आत ओढून घेते, म्हणून अशा लेन्सची नळी ओली होऊ न देणे सर्वांत महत्त्वाचे असते. या बाबतीत कव्हरला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. लेन्स पूर्ण बाहेर काढूनही कापड ताणले गेले नाही. नाडी मात्र हूडच्या कडेपासून बोटभर मागे आवळावी, नाहीतर कापडाची किनार चित्रात येते. बोट चालू असताना पाऊस सरळ न पडता समोरून तिरका येतो, त्यामुळे हूड उलटा लावून ठेवण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ती निदान त्या दिवसापुरती सोडावी.

पहिल्या पावसात अर्ध्या तासानंतर कव्हर काढले तेव्हा कापड आतून कोरडे होते, पण फ्लॅश बसवण्याच्या खाचेत पाण्याचे तीन-चार थेंब साचलेले दिसले. तेथे उघडे धातूचे संपर्कबिंदू असतात. कॅमेऱ्याच्या सांध्यांना रबरी पट्ट्या असल्या तरी पाणी साचून राहण्यासाठी ही जागा अजिबात चांगली नव्हे. घरी आल्यावर कॅमेऱ्याऐवजी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली कव्हरात घातली आणि दहा मिनिटे शॉवरखाली धरली. कागदावर ओलाव्याची एकच सरळ रेघ उमटली होती, आणि ती नेमकी वरच्या शिवणीखाली होती. कापडाला लेप उत्तम दिला, पण सुईने पाडलेल्या छिद्रांवर आतून पट्टी बसवायचे राहून गेले, आणि ती शिवणही नेमकी कॅमेऱ्याच्या डोक्यावर आणून ठेवली, याला काय म्हणावे! शेवटी बाड्याजवळ, म्हणजे आमच्या लष्करातल्या मुख्य चौकाजवळ, रेनकोट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून आतून गरम इस्त्रीने पट्टी बसवून घेतली. त्याने साठ रुपये घेतले आणि पुन्हा केलेल्या शॉवरच्या परीक्षेत कागद कोरडा निघाला. अठराशे रुपयांत हे साठ रुपयांचे काम व्हायला हरकत नव्हती.

दुसरी अडचण खिडकीची. व्ह्यूफाइंडरजवळ, म्हणजे डोळा लावून पाहण्याच्या भिंगाजवळ, डोळा आला हे ओळखणारा सेन्सर समोरच्या प्लास्टिकलाच डोळा समजतो आणि मागचा पडदा (स्क्रीन) बंद होतो. शिवाय प्लास्टिकमधून पाहिले की सुसरीचे नाक कोठे आणि वाहत आलेले लाकूड कोठे, हे ओळखणे कठीण जाते. ऊन नसले की सुसरी वाळूवर पहुडण्याऐवजी बहुधा पाण्यातच राहतात आणि त्यांचे डोळे व नाकाचे टोक तेवढे वर दिसते, तेव्हा ही अस्पष्टता फार जाणवते. उपाय असा, की व्ह्यूफाइंडरची रबरी वाटी काढावी, खिडकीतली छोटी चीर त्यावर ओढावी आणि वाटी परत बसवावी. हे घाटावरच करून घ्यावे, कारण हलत्या बोटीत ओल्या, गारठलेल्या बोटांनी ते जमत नाही. पडद्याचा स्पर्शही बंद करावा. ओले प्लास्टिक चिकटले की फोकसचा चौकोन आपोआप भरकटतो.

तुलनेसाठी अडीचशे रुपयांना दोन नग मिळणारे पातळ पॉलिथिनचे कव्हरही नेले होते. त्याला डोक्यावर शिवणच नसल्यामुळे पाणी अजिबात शिरले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु वाऱ्यावर ते इतके फडफडते, की काठावरचे चक्रवाक त्या आवाजाने उठले की बोटीच्या इंजिनाने, हा वाद आमच्यात परतीच्या वाटेवर बराच रंगला. बॅटरी बदलताना ते फाटलेही. तरी त्यातला एक नग घडी करून बॅगेत ठेवायला ते उत्तम.

कोणतेही कव्हर गाडीत बसल्यावर काय होते ते सांभाळत नाही. आम्ही थंडीतून येऊन हीटर लावलेल्या गाडीत कॅमेरा उघडला आणि लेन्सच्या काचेवर लगेच धुके धरले. आता कव्हर घाटावरच काढतो, कॅमेरा सुती कापडाने टिपतो आणि चेन लावलेल्या बॅगेत ठेवून घरी तासाभराने उघडतो. कव्हर मात्र वेगळ्या पिशवीत नेऊन दोरीवर उलटे वाळवावे लागते, कारण बाह्यांच्या टोकांना पाणी राहते.

पाचांपैकी साडेतीन गुण देईन. पट्टी आधीच बसवलेली असती तर साडेचार दिले असते. मागवताना एक माप मोठे घ्यावे, कारण माझ्या मापात लेन्सखाली बीनबॅग, म्हणजे टेकू म्हणून वापरायची भरीव पिशवी, ठेवली की डावा हात बाहीत नीट शिरत नाही.